संगणकावरील कीड व तिचा बंदोबस्त

पिकावरील किडीप्रमाणे संगणकातही उपद्रवी आज्ञावली शिरते, पसरते व नुकसान करते. पुणे शहरात श्री. कैलास काटकर यांचा संगणक-दुरुस्तीचा व्यवसाय होता. दुरुस्तीस येणाऱ्या पुष्कळ यंत्रांत बिघाडाचे मूळ फ्लॉपीवाटे शिरलेला व्हायरस असे. त्यांचे बंधू श्री. संजय यांनी त्यावर उतारा म्हणून आज्ञावली रचली. १९९०च्या दशकात ती ‘क्विक हील’ या नावाने बाजारात आली.

फ्लॉपी आता प्रचारात नाही; कीड मोबाइलवाटे शिरते. पीएम-किसान योजनेत वर्षाला २,००० रुपयांचे तीन हप्ते मिळतात. त्या हप्त्याचे आमिष दाखवून व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाइल धाडली जाते. ती फोनवर बसविल्यास ओटीपीचे संदेश चोराच्या हाती पडू शकतात. अशी फाइल मुळीच उघडू नये.

चुकून बसविली गेल्यास प्रथम इंटरनेट बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून व्यवहार थांबवावेत. रक्कम गेली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी; विलंब झाल्यास ती अन्य खात्यांत वळती होऊन परत मिळणे दुरापास्त होते. शेवटी फोन साफ करून घ्यावा व सर्व पासवर्ड बदलावेत.

ग्राम-कार्यकर्त्यांनी ही माहिती चावडीवर वाचून दाखवावी आणि १९३० हा क्रमांक फलकावर ठळक लिहून ठेवावा.