हेड खोलण्याआधी : दाबाच्या रेषेतून दिसणारे इंजिनाचे दुखणे

गाडी ‘मिसिंग’ करू लागली की गॅरेजात आधी स्कॅनर लागतो. तो ‘पी०३०२’ असा कोड दाखवतो, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचे फायरिंग चुकते आहे. का चुकते, ते कोड सांगत नाही. मग प्लग बदलतात, कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहतात, इंजेक्टर साफ करतात. तरीही गाडी थरथरत राहिली तर कॉम्प्रेशन गेज निघतो. आकडा कमी आला की ‘हेड खोलावे लागेल’ हे वाक्य ग्राहकाच्या कानावर पडते. हेड खोलायचे म्हणजे नवे गॅस्केट, फेसिंग, वॉल्व्ह घासणे, लेथवाल्याकडे खेपा. रिंगांचे काम निघालेच तर ‘हाफ इंजिन’.

गेज खोटे बोलत नाही, पण फार थोडे बोलतो. त्याच्या नळीत एक एकदिशा वॉल्व्ह असतो. सेल्फ मारला की प्रत्येक फेरीला हवा आत कोंडते, परत येत नाही आणि काटा सर्वांत मोठ्या दाबावर अडकून राहतो. दाब किती झाला ते कळते. कधी चढला, कसा उतरला, वॉल्व्ह केव्हा उघडला, ते कळत नाही. सिलिंडरमधले बरेचसे बिघाड मात्र या ‘केव्हा’मध्येच लपलेले असतात.

वॉटच्या कारखान्यातले गुपित

ही अडचण वाफेच्या इंजिनाच्या काळापासूनची आहे. जेम्स वॉटने सिलिंडरला स्प्रिंग लावलेला एक छोटा दट्ट्या जोडून दाब पाहायची सोय केली होती, पण काटा इतका झरझर हलायचा की डोळ्याला काही पकडता येत नसे. १७९६ साली त्याचा सहायक जॉन सदर्न याने काट्याच्या जागी पेन्सिल बसवली आणि तिच्याखाली इंजिनाच्या चालीबरोबर सरकणारा कागद ठेवला. प्रत्येक फेरीला कागदावर एक बंद आकृती उमटू लागली. वॉल्व्ह उशिरा उघडतो की वाफ वाया जाते, हे इंजिन न खोलता दिसू लागले. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी ही युक्ती गुपित ठेवली. ती छापून जगजाहीर झाली ती १८२२ साली. पुढे १८३४ मध्ये क्लॅपेरॉनने कार्नोचा उष्णता-इंजिनांचा सिद्धांत याच धर्तीच्या दाब-आकारमान आलेखावर मांडला. कारखान्यातली युक्ती अशी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात गेली.

रूडॉल्फ डिझेलनेही १८९३ मध्ये ऑग्सबुर्गच्या कारखान्यात आपल्या पहिल्या इंजिनावर असाच दाबाची रेषा काढणारा ‘इंडिकेटर’ लावला होता. पहिल्याच प्रज्वलनाचा दाब इतका निघाला की इंडिकेटरच्या ठिकऱ्या उडाल्या. पेन्सिल, दोरी आणि स्प्रिंग यांना वजन असते. वेगवान इंजिनापुढे ती मागे पडणारच. उपाय आला तो विजेच्या बाजूने. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाबाखाली क्वार्ट्‌झमधून विद्युतभार निघतो हे दाखवले, तर १८९७ मध्ये ब्राउनने ऑसिलोस्कोपला जन्म देणारी कॅथोड किरण नळी बनवली. दाबाची वीज करायची आणि विजेची रेषा काढायची, या दोन गोष्टी जुळल्या. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या वाहन संशोधन संस्थांच्या प्रयोगशाळांत सिलिंडरमधला दाब मोजणे हे नेहमीचे काम आहे. गॅरेजला परवडेल असा सेन्सर आणि लॅपटॉपला जोडता येणारा स्कोप मात्र त्या मानाने अलीकडे आला.

एका फेरीची रेषा

पद्धत साधी आहे. संशयित सिलिंडरचा प्लग काढायचा, इंजेक्टरची वायर सोडवायची, कॉइलची ठिणगी टेस्टरमधून अर्थ करायची, नाहीतर कॉइल जाते. प्लगच्या जागी नळी लावून तिच्या टोकाला सेन्सर बसवायचा. गेजच्या नळीतला तो एकदिशा वॉल्व्ह इथे काढूनच टाकावा लागतो. तो राहिला तर दाब चढलेलाच दिसेल, उतरणार नाही. मग उरलेल्या सिलिंडरांवर इंजिन चालू करायचे.

आयडलला, म्हणजे ८०० आरपीएमला, क्रँकचे दोन वेढे १५० मिलिसेकंदांत पूर्ण होतात. एक अंश सरकायला सुमारे ०.२ मिलिसेकंद लागतो. स्कोप एवढ्या अवधीतही अनेक नोंदी घेतो. पडद्यावर दिसतो तो एक उंच सुळका : पिस्टन वर आला, हवा दाबली गेली. पेट्रोल इंजिनात आयडलला हा सुळका साधारण पाच-सहा बारचा असतो, कारण थ्रॉटल जवळपास बंद असल्याने आत हवाच कमी येते. सेल्फवर, थ्रॉटल पूर्ण उघडून, तोच दहा-बारा बारपर्यंत जातो. पुढे पिस्टन खाली उतरतो. आत जाळ नसल्याने दाब वातावरणाच्याही खाली जातो आणि रेषेत पहिला खड्डा पडतो. एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडला की सायलेन्सरकडची हवा आत घुसते, रेषा उसळून शून्यावर, म्हणजे वातावरणाच्या दाबावर, येते आणि सपाट धावते. मग इनटेक वॉल्व्ह उघडतो, मॅनिफोल्डच्या ओढीने दुसरा खड्डा पडतो आणि पुन्हा सुळका.

निरोगी सिलिंडरमध्ये दोन्ही खड्ड्यांची खोली जवळपास सारखी असते. पहिला खड्डा दुसऱ्यापेक्षा बराच खोल असेल, तर कॉम्प्रेशनच्या वेळी थोडी हवा निसटलेली असते. उरलेली कमी हवा पिस्टन खाली जाताना जास्त पसरते, म्हणून दाब अधिक पडतो. गळती कुठून, हे पाहायला आणखी सेन्सर लागतात : एक डिपस्टिकच्या नळीत, एक इनटेकच्या होजमध्ये, एक सायलेन्सरच्या तोंडाशी. सुळक्याच्या नेमक्या वेळी डिपस्टिकमधून ठोका आला तर संशय रिंगांवर, इनटेकमधून आला तर इनटेक वॉल्व्हवर, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट वॉल्व्हवर. आणि मधली सपाट रेषा शून्याच्या वर राहून रेस वाढवताच आणखी चढत असेल, तर सिलिंडरला दोष देऊ नये; कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला आहे का ते आधी पाहावे.

एक दात सरकला तर

या चाचणीचे खरे मोल टायमिंगच्या बिघाडात कळते. क्रँकवरच्या चाकाला २० दात असतील, तर बेल्ट एक दात सरकला की टायमिंग १८ अंशांनी चुकते. गेज अशा वेळी चकवतो. चारही सिलिंडरांचा आकडा थोडाफार बदलतो, पण सगळ्यांचा सारखाच. तुलनेत काही हाती लागत नाही. बॅटरीच्या केबलवर क्लॅम्प लावून सेल्फचा करंट पाहण्याची झटपट चाचणीही इथे उपयोगाची नाही. एरवी ती फार कामाची : सेल्फने इंजिन २०० आरपीएमने फिरत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत दर १५० मिलिसेकंदांनी करंटचा एक उंचवटा येतो, आणि कमजोर सिलिंडरचा उंचवटा बुटका दिसतो. पण चारही सारखे चुकले की उंचवटेही सारखेच. दाबाच्या रेषेत मात्र एक्झॉस्ट उघडल्याची उसळी आपल्या जागेवरून सरकलेली दिसते. ती पिस्टन तळाशी पोहोचण्यापूर्वी अनेक गाड्यांत तीस ते पन्नास अंश आधी सुरू होते. त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीची रेषा शेजारी ठेवली की फरक अंशांत मोजता येतो. कव्हर न काढता, बेल्टला हात न लावता.

मर्यादाही आहेत. प्लग काढल्यामुळे त्या सिलिंडरमध्ये जाळ होतच नाही; म्हणून इंजेक्टर किंवा ठिणगीचा दोष इथे दिसणार नाही. लोड आल्यावरच वॉल्व्ह नीट न बसणारी कमजोर स्प्रिंग आयडलला गप्प राहू शकते. बदलत्या वॉल्व्ह टायमिंगच्या इंजिनात उसळीची जागा कंट्रोल युनिटच हलवत असते. ते लक्षात न घेता बेल्टवर ठपका ठेवणे चूक. शिवाय नळी लांब असली तर तिच्यातल्या हवेमुळे सुळका बसका दिसतो.

म्हणूनच सेन्सर विकत घेतला की काम संपत नाही. रोज दारात येणाऱ्या चार-पाच मॉडेलांच्या निरोगी रेषा साठवून ठेवणारे गॅरेज वर्षभरात कुठल्याही मॅन्युअलपेक्षा मोठा ठेवा उभा करते. ग्राहकानेही एक सवय लावून घ्यावी : हेड खोलायला होकार देण्याआधी ‘रेषा दाखवा’ म्हणावे. दोन खड्ड्यांची खोली आणि उसळीची जागा समजून घ्यायला अभियंता असावे लागत नाही, आणि एवढे विचारले तरी निम्म्या अंदाजी दुरुस्त्या टेबलावरच थांबतील.