नाटकाचा तास



नाटक आणि शाळा यांची गाठ आपल्याकडे दोन ठिकाणी पडते. एक पाठ्यपुस्तकात आणि दुसरी स्नेहसंमेलनात. पाठ्यपुस्तकात एखाद्या नाटकातला उतारा असतो. शिक्षक तो वाचून दाखवितात, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देतात, संदर्भासह स्पष्टीकरणाचा प्रश्न सोडवून घेतात आणि पुढल्या धड्याकडे वळतात. स्नेहसंमेलनात पडदा असतो, रंग असतो, भाड्याने आणलेले पोशाख असतात. परंतु साठ मुलांच्या वर्गातून आठ-दहा मुले निवडली जातात, त्यांच्याकडून संवाद पाठ करून घेतले जातात आणि उरलेली पन्नास मुले टाळ्या वाजविण्यासाठी समोर बसतात. पहिल्या ठिकाणी सारी मुले असतात पण नाटक नसते. दुसऱ्या ठिकाणी नाटक असते पण सारी मुले नसतात. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना, वर्गातच, सर्वांना मिळून, प्रत्यक्ष कृतीतून नाटक शिकविता येईल काय, हा आजचा प्रश्न आहे. येईल, असे माझे उत्तर आहे. आणि ते कसे, हे एका नाटकाचे उदाहरण घेऊन सांगावयाचे आहे.

प्रथम नाटक म्हणजे काय, याचा थोडा विचार करू. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी काव्याचे श्रव्य आणि दृश्य असे दोन भेद केले आणि नाटकाला दृश्यात बसविले. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. अंगाने, वाणीने, वेशभूषेने आणि अंतःकरणाच्या अवस्थेने, अशा चार वाटांनी नाटक प्रेक्षकापर्यंत पोहोचते. मुलगा बाकावर बसून उतारा मनातल्या मनात वाचतो तेव्हा या चारांपैकी एकही वाट उघडलेली नसते. स्वरलिपीचे पुस्तक वाचून यमन राग कळला, असे कोणी म्हणणार नाही. मग संहिता वाचून नाटक कळले, असे आपण कसे म्हणतो?

कोणी म्हणेल, हे पाश्चात्यांकडून आलेले नवे खूळ आहे. तसे नाही. सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा नटांच्या हाती लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार पदे म्हणे, त्यातून कथा पुढे जाई आणि नट आपापली भाषणे प्रसंग ओळखून आयत्या वेळी करीत. कोकणातल्या दशावतारात आजही नट असेच बोलतात. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि लिखित संहितेच्या नाटकांची परंपरा पुढे सुरू झाली. त्या काळी या नाटकांना ‘बुकिश’ म्हणत. म्हणजे आधी प्रसंग आणि मग पुस्तक, हा क्रम आपल्या रंगभूमीच्या रक्तातच आहे. शाळेत आपण तो उलटा करून ठेवला आहे, इतकेच.

शाळेपुरते बोलावयाचे तर या दिशेने इंग्लंडात पुष्कळ काम झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅरिएट फिनले-जॉन्सन ही मुख्याध्यापिका ससेक्समधल्या सॉम्पटिंग या खेड्यातल्या शाळेत निरनिराळे विषय नाट्यरूपाने शिकवीत असे. केंब्रिजच्या पर्स शाळेतल्या हेन्री कॉल्डवेल कुक या शिक्षकाने आपल्या पद्धतीवर १९१७ साली ‘द प्ले वे’ हे पुस्तक लिहिले. पुढे डोरोथी हेथकोट (१९२६–२०११) यांनी या कामाला निराळे वळण दिले. वयाच्या चौदाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेली ही बाई पुढे न्यूकॅसल येथे शिक्षकांची शिक्षिका झाली. शिक्षकाने बाजूला उभे राहून सूचना न देता स्वतः एखादी भूमिका घेऊन मुलांच्या प्रसंगात शिरावे, ही त्यांची मोठी देणगी.

आता उदाहरणाकडे येऊ. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. कांचनभट हा पैशाचा लोभी बाप. भुजंगनाथ हा धनाढ्य म्हातारा. त्याला या वयात पुन्हा बोहल्यावर चढावयाचे आहे. भद्रेश्वर दीक्षित हा मधला दलाल. आणि या तिघांच्या व्यवहारात सापडलेली शारदा. कोदंड हा तरुण या लग्नाविरुद्ध उभा राहतो. लग्न मोडते, शारदा जीव द्यावयास निघते आणि कोदंड तिला वाचवितो. नववीच्या वर्गाला हे नाटक पाच तासांत असे शिकविता येईल.

पहिल्या तासाला पुस्तक मिटलेलेच ठेवावे. शिक्षकाने वर दिली तेवढीच कथा सांगावी, बाके भिंतीशी सारावीत आणि मुलांकडून खडूने जमिनीवर कांचनभटाच्या घराचा आराखडा काढून घ्यावा : ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परसू. मग विचारावे, दीक्षित येतो तेव्हा कोठवर येतो? शारदेची आई ओटीवर येऊन बसेल काय? ओटीवर बोलणी चालली असता शारदा कोठे असेल आणि तिच्या कानावर किती पडेल? मुले त्या रेषांमधून चालून पाहतात, आणि ज्या मुलीच्या आयुष्याचा निर्णय होत आहे तिला त्या जागी उभे राहावयासही मुभा नाही, हे त्यांचे त्यांनाच उमगते. ‘तत्कालीन स्त्रीजीवन’ या विषयावर टिपण लिहून देण्याची गरज राहत नाही.

दुसऱ्या तासाला एकच वाक्य द्यावे : ‘उद्या पाहुणे येणार आहेत.’ हे नाटकातले नव्हे. आपणच तयार केलेले साधे वाक्य आहे. तेच कांचनभटाने बायकोला सांगावे, आईने शारदेला सांगावे, शारदेने मैत्रिणीला सांगावे, दीक्षिताने भुजंगनाथाला सांगावे. दोघादोघांच्या जोड्या करून सगळा वर्ग एकाच वेळी कामाला लावावा. येथे शिक्षकाने एक पथ्य पाळावे. ‘दुःखी होऊन म्हण’, ‘रागाने म्हण’ असे सांगू नये. तसे सांगितले की मूल चेहरा वेडावाकडा करते आणि वर्ग हसतो. त्याऐवजी विचारावे, ‘समोरच्या माणसाकडून तुला काय हवे आहे?’ आईला शारदेकडून मुकाट्याची संमती हवी आहे. शारदेला मैत्रिणीकडून सुटकेची वाट हवी आहे. काय हवे ते कळले की आवाज आपोआप चढतो किंवा उतरतो, नजर वळते, हात थबकतो. नाट्यशिक्षणाचे सारे मर्म या एका प्रश्नात आहे, असे मला वाटते. वाक्याचा अर्थ शब्दकोशात अर्धाच असतो. उरलेला अर्धा ते कोण, कोणाला, कशासाठी म्हणतो यात असतो. ही गोष्ट एकदा कळली की मुलगा कविता, बातमी आणि पुढाऱ्याचे भाषण यांचाही अर्थ निराळ्या जागरूकतेने लावू लागतो.

तिसऱ्या तासाला स्थिरचित्र. सहा-सहा मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाने एकच क्षण उभा करावा : वधूला मांडवात आणले आहे. कोणी बोलावयाचे नाही, कोणी हलावयाचे नाही. नंतर शिक्षकाने एकेकाच्या खांद्याला हात लावावा आणि त्याने मनात चाललेले एक वाक्य बोलावे. वर्गात न बोलणारे मूल येथे प्रथम बोलते, कारण त्याला फक्त एक वाक्य बोलावयाचे असते आणि तेही दुसऱ्याच्या नावाने. पण या कृतीचा आणखी एक गुण आहे. मांडवात वऱ्हाडीही असतात. त्यांना सारे दिसते, समजते, आणि ते पंगतीची वाट पाहत असतात. वऱ्हाडी झालेल्या मुलाच्या खांद्याला हात लावला की तो काय बोलेल? ‘आपल्याला काय करावयाचे आहे?’ असे कोणी म्हणाला, तर त्या क्षणी नाटक साऱ्या वर्गाचे होते. शारदेवर अन्याय करणारे तिघे. तो पाहत बसणारे मात्र मांडवभर.

चौथ्या तासाला साक्षीदाराचा पिंजरा. एका खुर्चीत कांचनभट बसेल आणि वर्ग त्याला प्रश्न विचारील. एकट्या मुलावर भार पडू नये म्हणून तिघांनी मिळून एक कांचनभट व्हावे. त्यांनी आपली बाजू खरोखर मांडली पाहिजे. खलनायकाची टिंगल चालावयाची नाही. याच तासाला शिक्षकाने उपरणे खांद्यावर टाकून स्वतः दीक्षित व्हावे आणि हे स्थळ किती उत्तम आहे ते गोड शब्दांत पटवून द्यावे. मुलांना त्याचे म्हणणे खोडून काढावे लागते, आणि गोड बोलणे खोडणे किती कठीण असते ते समजते.

पाचव्या तासाला पुस्तक उघडावे. आता देवलांचे शब्द परके राहिलेले नसतात. मुलांनी आपल्या मनाने बोललेली वाक्ये आणि नाटककाराने लिहिलेली वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत : आपण दहा वाक्ये खर्चिली तेथे देवलांनी किती वापरली? भाषा कोणाच्या तोंडी कशी बदलली? जोडीजोडीने, उभे राहून, आलटून पालटून वाचन करावे. शारदा मुलग्याने वाचली तरी हरकत नाही. १८९९ साली ती मुलग्यानेच उभी केली होती, कारण त्या काळी नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. शेवटी प्रत्येकाने शारदेचे आईला एक पत्र लिहावे. त्या पत्रातली भाषा पाहून शिक्षकाला पाच तासांचा हिशेब मिळतो.

आणि मग मुलांना पुढली हकीकतही सांगावी. बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९२९ साली झाला आणि १९३० पासून अमलात आला. त्यात मुलीचे किमान वय चौदा होते. त्याचे पुरस्कर्ते हरबिलास सारडा. त्यांच्या नावावरून लोक त्याला सारडा किंवा शारदा कायदा म्हणत. नाटकातल्या शारदेशी हे नामसाम्य केवळ योगायोगाचे. १९७८ साली मुलीचे वय अठरा झाले आणि २००६ साली नवा प्रतिबंधक कायदा आला. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे बावीस टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पुरी होण्याआधी झाले होते, असे आढळले. तेव्हा नववीच्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलीच्या घरी ते ‘पाहुणे’ खरोखरच येऊन गेलेले असतील.

म्हणूनच या पद्धतीत काही पथ्ये कडक पाळावी लागतात. कोणाही मुलाला स्वतःच्या घरातला प्रसंग करून दाखवावयास सांगू नये. शारदेचे नाव आणि सव्वाशे वर्षांचे अंतर हाच त्या मुलीचा पडदा आहे. त्याआडून तिला बोलता येते. तो आपण ओढू नये. तास संपताना भूमिका उतरवावी : प्रत्येकाने खडूच्या रेषेबाहेर यावे, आपले खरे नाव सांगावे. भुजंगनाथ झालेल्या मुलाला मधल्या सुट्टीत कोणी ‘म्हाताऱ्या’ म्हणून हाक मारता कामा नये. ज्याला करावयाचे नसेल त्याने टिपणे घ्यावीत किंवा आराखडा सांभाळावा. पण त्यालाही काम असावे.

आक्षेप अनेक येतील. वेळ कोठून आणावा? पाच तास फार वाटतात. पण त्यात आकलन, वाचन, संभाषण आणि लेखन ही चारही कामे होतात, ज्यांना एरवी निराळे तास द्यावे लागतात. गोंगाट होईल. होईल, मात्र कामाचा गोंगाट आणि उनाडकीचा गोंगाट यांतला फरक दाराबाहेरूनही ऐकू येतो, आणि टाळी वाजताच सारे स्तब्ध, हा नियम पहिल्याच दिवशी घालून दिला की आवर घालता येतो. जागा नाही म्हणाल तर पटांगण आहे, झाडाखालची सावली आहे. सगळ्यांना अभिनय येतो काय? येत नाही, आणि येथे नट घडवावयाचेही नाहीत. गणित शिकविताना आपण प्रत्येकाला गणिती करण्याची अट घालीत नाही. दुसऱ्याच्या जागी क्षणभर उभे राहून पाहणे आणि परत आपल्या जागी येणे, एवढे प्रत्येकाला साधावे, इतकीच अपेक्षा आहे.

शेवटी येथे बसलेल्या पालकांना एक विनंती. मूल घरी येऊन ‘आज आम्ही नाटक केले’ असे सांगू लागले, तर ‘तुला कोणते काम मिळाले? नायकाचे की शिपायाचे?’ असे विचारू नका. ‘तू जो झालास, त्याला काय हवे होते?’ असे विचारा. उत्तर ऐकण्यास थोडा वेळ काढा. त्या उत्तरात नाटकाबरोबर तुमचे मूलही तुम्हाला थोडे अधिक कळेल.