दर्या, दऱ्या आणि संगणक

‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ऐकणाराचा कान हे दोन शब्द क्षणांत निरनिराळे ओळखतो. पहिल्यांत ‘द’वर आघात येतो, दुसऱ्यांत तो येत नाहीं, जीभ रकारास नुसती शिवून यकाराकडे निघून जाते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतहि हाच भेद आहे. तो लिहितांना चुकला, तर गुरुजींची दक्षिणा स्वयंपाक्याच्या हातीं पडावयाची! म्हणून आघात असेल तेथें पुढील अक्षराच्या माथ्यावर रफार देतात, आणि नसेल तेथें अर्धा र लहानशा वक्र रेघेच्या रूपानें त्याच्या डाव्या अंगास जोडतात. संस्कृतास या दुसऱ्या रूपाचें कारण पडत नाहीं. मराठीस आणि नेपाळीस पडतें.

छापखान्यांत हा प्रश्न अवघड नव्हता. दोन आकारांचे दोन खिळे ठेवले, कीं जुळाऱ्याचें काम भागत असे. संगणकाच्या सांठ्यांत मात्र मजकूर आकारांनीं नव्हे, आंकड्यांनीं राहतो; आकार पुरवितो तो फाँट, आणि तोहि पडद्यावर अक्षर उमटण्याच्या वेळीं. युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. तींत र चा क्रमांक २३५२ व हलन्तचिन्हाचा २३८१. हे दोन आणि त्यांपुढें य असे ओळीनें आले, कीं नियमाप्रमाणें रफार उमटतो. मग दऱ्यांतील र मागावयाचा कसा?

उत्तर शेजारच्याच घरांत सांपडलें. २३५३ या क्रमांकावर नुक्ता दिलेला ऱ बसलेला आहे. द्राविडी भाषांतील एक निराळा र देवनागरींत दाखवितां यावा म्हणून तो घेतलेला. पूर्ण रूपांत मराठीस तो लागत नाहीं. याच ऱ चा पाय मोडला असतां मराठीचा अर्धा र उमटावा, असा ‘इस्की’ या भारतीय मानकाचा संकेत होता व युनिकोडनें तोच उचलला. द्विमान पद्धतींत २३५२ म्हणजे १००१००११०००० आणि २३५३ म्हणजे १००१००११०००१. समुद्र आणि दरी यांच्यामध्यें यंत्राच्या हिशेबीं शेवटच्या एका अंकाएवढेंच अंतर!

येथवर सारें ठीक. परंतु युनिकोडच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत हेंच रूप मिळविण्याची आणखी एक वाट होती : र, हलन्त, आणि त्यांमागून ८२०५ क्रमांकाचें एक अदृश्य जोडचिन्ह. जुनें लिखाण बिघडूं नये म्हणून ती पुढेंहि खुली ठेवण्यांत आली. परिणाम असा कीं, वाचकास एकच दिसणारा ‘कऱ्हाड’ हा शब्द यंत्रापाशीं दोन प्रकारें लिहिलेला असूं शकतो, आणि युनिकोड या दोहोंस समान मानीत नाहीं. यादी एका रीतीनें लिहिली व शोध दुसऱ्या रीतीनें केला, तर प्रोग्रॅम रचणारानें निराळी तजवीज केलेली नसल्यास ‘गोऱ्हे’ आडनांवाचा मनुष्य यादींत असूनहि सांपडावयाचा नाहीं. याहून वाईट प्रकार निराळाच आहे. अदृश्य चिन्हें निरुपयोगी समजून गाळणारा एखादा प्रोग्रॅम मजकुरावरून फिरला, कीं जोडचिन्हावर विसंबलेल्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि यंत्र चुकीचा ब्रहि काढीत नाहीं; कारण ‘दर्या’ हाहि शुद्धच शब्द!

यास्तव नवें लिखाण २३५३ च्याच वाटेनें व्हावें हें बरें. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ची कळ शिफ्टसह दाबली कीं ऱ मिळतो. नंतर हलन्त, नंतर य किंवा ह. जुन्या याद्यांतील जोडचिन्हाचीं रूपें मात्र, साफसफाईचा प्रोग्रॅम चालविण्यापूर्वीं, याच रूपांत बदलून घ्यावयास हवींत.