डास चावल्याने एड्स होतो काय?



होळीला मेळघाटातली कामकरी मंडळी बाहेरगावच्या कामावरून घरी परततात. त्यांच्यापैकी कोणाला एच.आय.व्ही.ची बाधा असल्याचे कळले, की काही लोक त्याचा पाण्याचा गडू वेगळा करतात, त्याला कामाला बोलावत नाहीत. एका श्रोत्याने विचारले, "साहेब, सोयाबीनचा पिवळा मोझॅक माशी पसरवते. मंग हा रोग डास पसरवत असन ना जी?"

प्रश्न रास्त आहे. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषते. मोझॅकचा विषाणू तिच्या अंगात टिकतो आणि तिच्या लाळेवाटे निरोगी झाडात शिरतो. एच.आय.व्ही.चे तसे नाही. हा विषाणू डासाच्या पोटात पचून जातो, लाळेत उतरत नाही. म्हणून डासामुळे मलेरिया होतो, एड्स होत नाही.

मग तो पसरतो कसा? वाटा चार :

१) बाधित स्त्री वा पुरुषाशी निरोध न वापरता शरीरसंबंध. बहुतेकांना लागण याच वाटेने होते.

२) दुसऱ्याला वापरलेली सुई-सिरिंज. गोंदून घेतानाही नवी सुई मागा.

३) बाधित रक्त चढवणे. रक्त परवानाधारक रक्तपेढीचे, तपासलेलेच घ्यावे.

४) बाधित आईकडून बाळाला : पोटात असताना, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. औषध नसेल तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. आईने व बाळाने वेळेवर औषध घेतले तर हे प्रमाण ५ च्या खाली येते. म्हणून प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करून घ्या.

एका ताटात जेवल्याने, एका विहिरीचे पाणी प्यायल्याने, शेजारी बसून निंदण केल्याने लागण होत नाही.

शंका असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करा. ती फुकट होते, नाव गुप्त राहते. नवी लागण लगेच दिसत नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधही मोफत आहे. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मात्र गोळी मध्येच सोडू नये. कामाला बाहेरगावी जाताना ती सोबत न्यावी. अधिक माहितीसाठी १०९७ हा फोन मोफत आहे.

बंधूंनो, मोझॅकचे झाड आपण उपटून टाकतो, कारण त्याला औषध नाही. माणसासाठी औषध आहे. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाशी भेदभाव करायला मनाई केली आहे. त्याला गावातून उपटू नका, दवाखान्यात न्या.