न्यायासनावरची माणसं (भाग ६) : हरणार हे ठाऊक असलेला खटला

अमेरिकेत फेडरल न्यायाधीश कसा नेमला जातो, हे मागच्या भागात पाहिलं. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मान्यता देते आणि एकदा माणूस त्या खुर्चीवर बसला की महाभियोगाशिवाय त्याला कोणी हलवू शकत नाही. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२व्या वर्षी निवृत्त होतात. तिथे वयाची अट नाही, पगारही कमी करता येत नाही. हे संरक्षण नेमकं कशासाठी, हे ज्युलियस वेटीज वॉरिंग यांच्या आयुष्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरातलं हे जुनं, प्रतिष्ठित घराणं. वॉरिंग १८८० साली जन्मले. यादवी युद्धात वडील दक्षिणेच्या बाजूने लढले होते. वॉरिंग वकील झाले, शहराचे सरकारी वकील झाले, डेमोक्रॅटिक पक्षाच्या राजकारणात वावरले. रूझवेल्ट यांनी त्यांना फेडरल जिल्हा न्यायालयात नेमलं, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. हा माणूस काही उलथापालथ करेल असं कुणालाच वाटलं नसणार.

सुरुवात छोट्या निकालांनी झाली. कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्यांइतकाच पगार द्या, हा त्यांपैकी एक. खरा धक्का १९४६ साली बसला. आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सैनिक महायुद्धातून सुटून, अंगावर गणवेश असतानाच, बसने घरी निघाला होता. बेट्सबर्गच्या पोलीसप्रमुखाने त्याला इतकं मारलं की त्याचे दोन्ही डोळे गेले. राज्याने खटला भरला नाही. मारहाण हा राज्याच्या अखत्यारीतला गुन्हा, त्यामुळे केंद्राच्या हाती एकच कलम उरलं : सरकारी अधिकाराचा वापर करून नागरिकाचे हक्क हिरावून घेणं. खटला वॉरिंग यांच्यासमोर चालला. सगळ्या गोऱ्यांच्या ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आत आरोपीला सोडून दिलं. ज्यूरी पाच मिनिटांत परत येईल, हे ओळखून वॉरिंग मुद्दाम फेरफटका मारायला बाहेर पडले होते. न्यायाधीशच जागेवर नाहीत म्हटल्यावर ज्यूरीला थांबावंच लागलं. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ रडत न्यायालयाबाहेर पडल्या. त्यानंतर दोघांनी दक्षिणेतल्या वर्णभेदावरची पुस्तकं एकत्र वाचायला घेतली. पासष्टी ओलांडलेल्या माणसाने आपल्याच गावाचा असा नव्याने अभ्यास करावा, याचं मला फार मोल वाटतं.

एलिझाबेथ या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. पहिल्या पत्नीला घटस्फोट देऊन त्यांनी १९४५ साली हे लग्न केलं, तेव्हा चार्ल्सटनच्या उच्चभ्रू समाजाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. पुढचे निकाल म्हणजे त्या अपमानाचा सूड, असं त्यांचे विरोधक म्हणत राहिले. पण शिक्षकांच्या पगाराचा पहिला निकाल १९४४चा, लग्नाआधीचा. तारखाच त्या आरोपाला उत्तर देतात.

१९४७ साली मतदानाचा प्रश्न आला. साउथ कॅरोलिनात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकणारा उमेदवारच पुढे निवडून येई, आणि तिथे कृष्णवर्णीयांना मत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी १९४४ साली रद्द केली, तेव्हा राज्याने प्राथमिक निवडणुकीविषयीचे आपले सगळे कायदेच मागे घेतले आणि पक्ष हा एक खाजगी क्लब असल्याचा पवित्रा घेतला. वॉरिंग यांनी तो मोडून काढला. साउथ कॅरोलिनाने आता पुन्हा अमेरिकेत सामील व्हायची वेळ आली आहे, असं त्यांनी निकालात लिहिलं.

मग क्लॅरेंडन काउंटीचा खटला. तिथल्या कृष्णवर्णीय पालकांची पहिली मागणी होती फक्त स्कूलबसची. गोऱ्या मुलांना बस होत्या, यांच्या मुलांना नव्हती. तीही मागणी फेटाळली गेली. रेव्हरंड जोसेफ डिलेन यांनी पालकांना एकत्र आणलं. अर्जावर सही केली म्हणून हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली, पत्नी एलायझा यांचीही गेली. वकील थरगुड मार्शल यांचा रोख सुरुवातीला ‘वेगळ्या शाळा निदान समान तरी करा’ असा होता. १९५०च्या नोव्हेंबरमध्ये वॉरिंग यांनी त्यांना सुचवलं : विषमतेचं राहू द्या, वेगळेपणालाच थेट आव्हान द्या.

यामागची कायद्याची गुंतागुंत समजून घेण्यासारखी आहे. राज्याचा कायदाच घटनाबाह्य ठरवून रोखायचा, तर तेव्हा तीन न्यायाधीशांचं पीठ बसे, आणि त्या पिठाच्या निकालावरचं अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाई. उरलेले दोन न्यायाधीश आपल्या बाजूने येणार नाहीत, हे वॉरिंग यांना माहीत होतं. म्हणजे खटला खाली हरण्याची जवळजवळ खात्री, पण वरचं दार उघडं. एका पक्षाच्या वकिलाला न्यायाधीशाने अशी दिशा दाखवावी का? सर्वसाधारणपणे नाही, आणि मी ही हरकत हलकी मानत नाही. पण जिथे राज्याचं विधिमंडळ, पोलीस आणि ज्यूरी अशा सगळ्याच वाटा बंद होत्या, तिथे त्यांनी योग्यच केलं, असं माझं मत आहे.

१९५१च्या जूनमध्ये निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. वॉरिंग यांनी वेगळं मत नोंदवलं : वर्णानुसार वेगळं ठेवणं हीच मुळात विषमता. सर्वोच्च न्यायालयात हा खटला ‘ब्राउन’ या नावाखाली एकत्र केलेल्या खटल्यांपैकी एक ठरला, आणि १७ मे १९५४ रोजी सर्व न्यायाधीशांनी एकमताने शाळांपुरता तोच निष्कर्ष काढला.

खुर्ची सुरक्षित होती, घर नव्हतं. घराजवळ क्रॉस जाळला गेला, १९५०च्या ऑक्टोबरमध्ये घरावर दगड आले, पहाऱ्याला फेडरल मार्शल ठेवावे लागले. संविधानाने पगार आणि पद राखलं. शेजार राखणं त्याच्या हातात नव्हतं. सत्तरी पूर्ण आणि दहा वर्षांची सेवा झाल्यावर पूर्ण पगारावर निवृत्त होता येतं. त्या तरतुदीने वॉरिंग १९५२ साली निवृत्त झाले, न्यूयॉर्कला गेले आणि १९६८ साली तिथेच वारले. दफनविधी चार्ल्सटनला झाला, तेव्हा जमलेल्यांत गोरे अगदी मोजके होते. २०१५ साली चार्ल्सटनच्या फेडरल न्यायालयाच्या इमारतीला वॉरिंग यांचं नाव मिळालं. आधी तिला माजी सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांचं नाव होतं. ते बदलून वॉरिंग यांचं द्या, असा आग्रह हॉलिंग्ज यांनी स्वतःच धरला होता.

पुढच्या भागात अलाबामातले फ्रँक जॉन्सन. आयझेनहॉवर यांनी १९५५ साली त्यांना नेमलं, आणि माँटगोमेरीच्या बसमधल्या वर्णभेदाचा खटला लगेचच त्यांच्यासमोर आला.