उत्क्रांतिवाद आणि शालेय विज्ञान : प्रत्यक्ष व अनुमान

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत भरलेल्या वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात त्यानुसार बदल व्हावयास हवा, असे मत मांडले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचा लेखी वा मौखिक दाखला नाही, हे त्यांचे कारण. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाद्वारे या मताचा प्रतिवाद केला.

या आक्षेपात दोन प्रमाद आहेत. आजच्या माकडापासून माणूस झाला, असे उत्क्रांतिवाद म्हणतच नाही. उभयतांचे पूर्वज एक होते, एवढेच त्याचे प्रतिपादन आहे. दुसरा प्रमाद अधिक मूलगामी आहे. जे कोणी पाहिले नाही ते असिद्ध, हा निकष लावावयाचा तर वेरूळची लेणी ज्या कातळात कोरली आहेत त्याची उत्पत्तीही असिद्ध ठरेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हारस थिजताना पाहावयास कोणीही मनुष्य नव्हता. नैयायिकांनी प्रत्यक्षाप्रमाणे अनुमानही प्रमाण मानले. केवळ प्रत्यक्षावर भिस्त ठेवली ती चार्वाकांनी. वैदिक संमेलनाच्या निमित्ताने चार्वाकमताला असा आधार मिळावा, हे मौजेचेच!

अर्थात अनुमान कसोटीस उतरले पाहिजे. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, चिंपांझीत २४. पूर्वज एक असेल तर मानवाच्या वंशात दोन गुणसूत्रे कोठेतरी जोडली गेलेली असली पाहिजेत, आणि सांध्याची खूणही उरली पाहिजे. मानवाच्या दुसऱ्या गुणसूत्रात ती सापडली आहे : एरवी केवळ टोकांशी आढळणारे क्रम तेथे आतल्या भागात समोरासमोर भिडलेले आहेत.

महाराष्ट्रात त्याच वर्षी, २०१८ मध्ये, आलेल्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा होता. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मात्र पुढे पाठ्यभार हलका करण्याच्या नावाखाली आपल्या दहावीच्या पाठातून उत्क्रांती वगळून केवळ आनुवंशिकता ठेवली. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी यास जाहीर पत्राने हरकत घेतली. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय कायम आहे, हे परिषदेचे उत्तर खरे होते. पण दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती ते पुस्तक पडत नाही.