राणी केतेवान आणि गोव्यांतील अस्थि



जुन्या गोव्यांत मोंते सांतो नांवाच्या टेकडीवर संत ऑगस्टीनच्या मठाचे भग्नावशेष आहेत. इ. स. १८३५ मध्यें हा मठ ओस पडला, १८४२ सालीं चर्चचें छत कोसळलें, आणि सुमारें ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धाच भाग आज उभा आहे. या दगडांच्या राशींत दूरच्या जॉर्जिया देशाच्या एका राणीच्या अस्थि साडेतीनशेंहून अधिक वर्षें पडून होत्या. ही राणी कोण, आणि तिच्या अस्थि येथें कशा आल्या, हें आज आपण पाहूं.

जॉर्जिया हा काकेशस पर्वताच्या कुशींतील ख्रिस्ती देश. सतराव्या शतकाच्या आरंभीं त्यांतील लहान लहान राज्यें तुर्कस्तान व इराण या दोन बलाढ्य सत्तांच्या जात्यांत भरडलीं जात होतीं. पूर्वेकडील काखेती राज्याचा राजा दाविद हा केतेवानचा पति. तो १६०२ सालीं वारला. पुढें १६०५ मध्यें, इराणच्या दरबारीं वाढलेल्या कॉन्स्टंटाईन या तिच्या दिरानें शाहा अब्बासच्या पाठबळावर स्वतःच्या पित्याचा व भावाचा वध करून गादी बळकावली. केतेवाननें सरदारांना एकत्र केलें. संग्रामांत कॉन्स्टंटाईन मारला गेला, व तिचा अल्पवयीन पुत्र तेइमुराझ गादीवर आला. त्याच्या नांवानें राज्यकारभार तिनेंच चालविला.

१६१४ सालीं शाहाच्या स्वारीचें संकट उभें राहिलें, तेव्हां राज्य वांचावें म्हणून ती स्वतः ओलीस होऊन इराणांत गेली. पण राज्य वांचलें नाहीं. काखेती उद्ध्वस्त झाली, आणि राणीला शिराझ शहरीं अनेक वर्षें बंदिवासांत राहावें लागलें. तेथील सुभेदार इमाम कुलीखान स्वतः जॉर्जियन कुळांतला होता. अखेर १६२४ सालीं शाहाचा हुकूम आला: धर्म सोड, नाहीं तर मरणास सिद्ध हो. या हुकुमामागें धर्मनिष्ठेपेक्षां राजकारणच अधिक होतें. पुत्राचा प्रतिकार मोडण्यासाठीं मातेस वेठीस धरलें होतें. केतेवाननें नकार दिला. तापलेल्या सांडसांनीं तिचे अतोनात हाल करण्यांत आले, आणि सप्टेंबर महिन्यांत तिनें प्राण सोडला.

त्या वेळीं शिराझमध्यें ऑगस्टीनपंथी पोर्तुगीज संन्यासी राहात होते. राणी ऑर्थोडॉक्स पंथाची, ते रोमन कॅथॉलिक. तरीहि त्यांनीं तिचे अवशेष मोठ्या जोखमीनें हस्तगत केले. त्यांतील कांहीं भाग १६२७ सालीं गोव्याच्या मठांत आणला, व कांहीं पुढील वर्षीं तिच्या पुत्राकडे पोंचविला. जॉर्जियाच्या चर्चनें तिला संतपद दिलें.

जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत त्या दगडी पेटीची जागाहि नोंदलेली होती, पण ढिगाऱ्यांत ती ओळखणें कठीण होतें. बऱ्याच वर्षांच्या शोधानंतर २००४ सालीं पुराणवस्तु खात्याला तेथें हाताचें एक हाड मिळालें. हैदराबादच्या पेशीविज्ञान संशोधन केंद्रानें त्याची तपासणी केली. मातेकडून संततीस मिळणाऱ्या आनुवंशिक द्रव्याचा जो प्रकार त्यांत आढळला, तो भारतीय नमुन्यांत सांपडला नाहीं. जॉर्जियन लोकांत मात्र सांपडला. म्हणून हें हाड केतेवानचेंच असावें, असा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. जुलै २०२१ मध्यें भारताचे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनीं हे अवशेष तिबिलिसी येथें जॉर्जियाच्या स्वाधीन केले.

आमच्या नरसी गांवीं नामदेवांचा जन्म झाला, असें आम्ही मानतों; पण त्यांची आठवण पंजाबांतील घुमानच्या लोकांनींहि तितक्याच भक्तीनें जपली आहे. केतेवानची गोष्टहि अशीच आहे. तिच्या अस्थि जपणारे तिच्या देशाचे नव्हते, पंथाचेहि नव्हते. स्वतःच्या श्रद्धेसाठीं मरण पत्करणें हें धैर्य खरेंच. परंतु दुसऱ्याच्या श्रद्धेचा ठेवा जपून वेळ येतांच त्याला परत करणें, हेंहि धर्माचेंच कार्य होय.